तुला पोहायला कुणी शिकवलं

१८ मे १९५६, शुक्रवार.

अक्का, तुझ्या खोलीतल्या सगळ्या गोधड्या आज तळ्यावर आणून धुतल्या. तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आता अंथरुणं धुवायलाच हवी होती. लाल काठाची मोठी गोधडी पिळायला दोघी लागायच्या. आज तिचं एक टोक बाभळीला बांधलं आणि दुसऱ्या टोकानं एकटीनंच पीळ घातला. वेळ लागतो, पण जमतं. आता त्या खडकावर पसरल्या आहेत. वरच्या वस्तीच्या शेळ्या इकडं फिरकतात, म्हणून राखणीला बसले आहे. बसल्या बसल्या करण्यासारखं दुसरं काम नाही, म्हणून तुला लिहिते.

घरात मी तुला अहो-जाहो करत होते. थोरली जाऊ, रीतच तशी. तळ्यावर आलं की मात्र अगं-तुगं. ही अट तूच घातलीस. "गुडघ्याएवढ्या पान्यात उभं ऱ्हाऊन कसलं गं अहो-जाहो? माशे हसतील!" म्हणाली होतीस. मी आत्ता तळ्यावर आहे, तेव्हा अटीप्रमाणे.

पहिली गोष्ट तुझ्या कुत्र्याची. बुक्क्या उद्या सकाळी जातोय. भिवा धनगराच्या मेंढ्या उद्या आपल्या वावरातून उठणार, पावसाच्या आत त्याला पारनेरकडं पोचायचंय. आबांनी त्याला सांगून टाकलं, कुत्रं घेऊन जा म्हणून. तुझ्या नवऱ्यानं एकदा शब्द दिला की दिला, हे तुला मी सांगायला नको. बुक्क्याला काल दावणीला बांधलाय. जन्मात पहिल्यांदा. मान वाकडी करून दाव्याकडं बघत बसलाय, हे काय नवीन म्हणून.

आबांचं चुकलं असं मी म्हणत नाही. तू गेल्यापासून बुक्क्या रोज सकाळी गोठ्याच्या कोपऱ्यातून तो वाळका भोपळा तोंडात धरून आणायचा, ओट्यावर बसलेल्या आबांच्या पायाशी ठेवायचा आणि शेपूट हलवत उभा राहायचा. आबा भोपळ्याकडं बघायचे, कुत्र्याकडं बघायचे. दोन-तीन दिवस त्यांनी भोपळा उचलून बाजूला ठेवला. मग माळ्यावर टाकला. मग बुक्क्या दिवसभर माळ्याखाली बसून भुंकायला लागला. आबा मला म्हणाले, म्हणजे रीतीप्रमाणे कुत्र्याला म्हणाले, "बुक्क्या, तिला म्हनावं, ह्या कुत्र्याला काय झालंय?"

मीही रीतीप्रमाणेच उत्तर दिलं, "बुक्क्या, आबांना म्हणावं, उन्हाळा आहे."

एवढंच सांगितलं. खरं उत्तर तुझं होतं आणि तू ते स्वतः सांगणार होतीस.

आपल्या घरातली ही निरोपांची तऱ्हा बाहेरच्या माणसाला वेडेपणा वाटेल. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही. पूर्वी सगळे निरोप तुझ्यामार्फत जायचे. तू शेतात असलीस की मी खांबाला सांगायचे, "पाणी तापलंय," आणि आबा भिंतीला सांगायचे, "येतो." बुक्क्या आला आणि दोघांचीही सोय झाली. खांबापेक्षा कुत्रं बरं, निदान कान तरी टवकारतं. तू चुलीपाशी बसून म्हणायचीस, "पगारी निरप्या ठिवलाय आमी. पगार दोन भाकरी."

आबांना वाटतंय कुत्रं तुझ्यापायी खुळावलं. "मेंढरांत गेलं की इसरंल," म्हणाले. त्यात त्यांचंही विसरणं आलंच. रोज सकाळी पायाशी येणारा भोपळा त्यांना बघवला नाही, आणि तो भोपळा कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक नाही.

ते मला ठाऊक आहे. बुक्क्याला ठाऊक आहे. आणि जुन्नरच्या मणियार चाचीला.

तू पहिल्यांदा या तळ्यावर आलीस ते मी पाहिलं नाही, मी नंतरची. पण मी या घरात आले तेव्हाही तू पाण्यात पाय घालत नव्हतीस. काठावर बसून तांब्यानं पाणी बाहेर काढायचीस, बाहेरच कपडे खळबळायचीस, बाहेरच पाय धुवायचीस. मला आधी वाटलं, भित्री आहे. मग एकदा तुझ्या माहेरी गेले. भीमाशंकराच्या अंगाचा डोंगर. पावसाळ्यात भाताच्या खाचरातून वाट काढायची आणि चैत्र लागला की बायकांनी झऱ्यापाशी वाटी घेऊन बसायचं. वाटी भरली की हंड्यात, वाटी भरली की हंड्यात. तुझी आई पाण्याचा हंडा असा उतरवायची, जसं कुणाचं तान्हं मूल हातात दिलंय. तेव्हा कळलं. पाण्यात पाय घालणं तुझ्या हिशेबी अन्नावर पाय ठेवण्यासारखं होतं.

मी तुला सांगायचे, "अगं, हे धुण्याचंच तळं आहे. प्यायची विहीर तिकडं आहे."

"आसंल. पन पानी ते पानीच न्हवं?"

मी मीना नदीच्या काठची. मला पोहायला कुणी शिकवलं नाही. भावांनी ढकललं आणि मी वर आले, इतकंच. मला तुझं हे पाण्याचं सोवळं बघून हसू यायचं. पण तुला पाण्यात मी ओढलं नाही. बुक्क्यानं ओढलं. इथपर्यंत तुझं म्हणणं मला मान्य आहे.

भिवाच्याच कुत्रीचं पिल्लू ते. काळंकुट्ट, म्हणून तू नाव ठेवलंस बुक्क्या. पहिल्या उन्हाळ्यात आपण गोधड्या तुडवायला घेतल्या. सोड्याच्या पाण्यात भिजवून खडकावर घातल्या आणि दोघी एकमेकींचे हात धरून वर नाचायला लागलो. पिल्लाला वाटलं, हा खेळ आपल्यासाठीच मांडलाय. ते गोधडीवर चढलं, घसरलं, पुन्हा चढलं, आणि शेवटी तुझ्या आवडत्या हिरव्या गोधडीचा कोपरा तोंडात धरून सरळ पाण्यात. तू ओरडत मागं. "आरं ए! ठिव! ठिव म्हंते न्हवं! मुडद्या, माज्या आईच्या लुगड्याची हाय ती!" आईचं लुगडं वाचवायला तू मांडीएवढ्या पाण्यात गेलीस. गोधडी धरलीस, पिल्लू धरलंस आणि मग खाली बघितलंस.

मी काठावरून म्हटलं, "अक्का, पाय कुठं आहेत तुझे?"

तू एवढ्या मोठ्यानं हसलीस की पलीकडचे बगळे उठले. मी तोवर तुझं हसू ऐकलंच नव्हतं. घरात तू पदर तोंडाशी धरून हसायचीस.

त्यानंतर बुक्क्याला गोधड्यांपासून लांब ठेवायला मी एक युक्ती काढली. वेलावर राहून गेलेला एक दुध्या भोपळा वाळून टणक झाला होता. त्याला काथ्याची दोरी बांधली आणि पाण्यात भिरकावला. बुक्क्या गेला, दोरी तोंडात धरून भोपळा घेऊन आला. पुन्हा भिरकावला. एक गोधडी तुडवून होईपर्यंत त्याला दमवायचं, असा बेत होता. कुत्रं दमलं नाही. गोधड्या राहिल्या बाजूला आणि आपण दोघी पाळीपाळीनं भोपळा फेकत बसलो. तुझा नेम असा की भोपळा पुढं जायच्या ऐवजी मागच्या घाणेरीच्या झुडपात. बुक्क्या तिथनंही आणायचा आणि तुझ्याकडं असा बघायचा, जसा मास्तर ढ पोराकडं बघतो.

पुढच्या उन्हाळ्यात तू म्हणालीस, "मला पवायला शिकीव."

"या वयात?"

"वय झालं म्हनून काय बुडायचंच का मानसानं?"

आता मी जे केलं ते आपल्या भागात कुणीही करील. पोरांना पोहायला शिकवताना पाठीला वाळका भोपळा बांधतात. आपल्याकडं वाळका भोपळा होता. तोच मी तुझ्या पाठीला बांधला. तू कासोटा घट्ट मारलास, मी तुझ्या हनुवटीखाली हात धरला, आणि पाय हाण म्हटलं की तू पाय हाणायला लागलीस. चार हात गेलो. मी हात काढला. तू तरंगलीस! मला म्हणालीस, "सोडलं का गं?" मी म्हटलं, "केव्हाच." तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

काठावर बुक्क्या उभा होता. त्याला दिसलं ते एवढंच, की भोपळा पाण्यात चाललाय.

मणियार चाची त्याच वेळी बांगड्यांची टोपली घेऊन बांधावरून खाली येत होती. दर उन्हाळ्यात लग्नसराईत ती जुन्नरहून वस्त्यावस्त्या करत यायची, तळ्यावर बायका एकत्र सापडतात म्हणून आधी इकडं. तिनं काय पाहिलं? एक काळं कुत्रं पाण्यात उडी मारतंय, बाईच्या पाठीवरची दोरी धरतंय आणि बाईला उलटी, आभाळाकडं तोंड करून, काठाकडं ओढत नेतंय. चाचीनं टोपली खाली ठेवली आणि बोंब ठोकली, "या अल्ला! पळा गं पळा, कुत्रं बाईला घिऊन चाललं!"

तू हातपाय झाडत होतीस, तोंडात पाणी, डोक्यावरचा पदर कुठल्या कुठं. मला मदतीला यायचं होतं, पण मला हसूच आवरत नव्हतं. बुक्क्यानं तुला चिखलात आणून टाकलं, अंग झटकलं आणि पुन्हा फेका म्हणून वाट बघत बसला.

चाचीनं जवळ येऊन तुला निरखलं. जिवंत आहे असं बघितल्यावर ती जी हसायला बसली, ती दुपारपर्यंत. "चाळीस वरसं बांगड्या भरती मी," म्हणाली, "पन कुत्र्यानं धुऊन आनलेली बाई पैली!" मग तिनं तुझा ओला हात हातात घेतला आणि बांगड्या भरायला लागली. "वल्ल्या हाताला लई झक चढत्यात. रोज आशीच भिजून येत जा." कुणाला सांगू नको असं तू तिला म्हणालीस. तिनं कधी सांगितलं नाही. दर वर्षी आली की बुक्क्याला मात्र गूळ द्यायची आणि विचारायची, "काय रे, यंदा किती बाया काढल्या?"

तो उन्हाळा कसा गेला! रोज भोपळा बांधायचा, रोज तू चार हात जायचीस आणि रोज बुक्क्या तुला परत आणायचा. त्याला बाभळीला बांधून पाहिला, तर असा रडला की वरच्या वस्तीचा माणूस बघायला आला. दुसरा भोपळा फेकून पाहिला, तर तो भोपळा काठावर आणून ठेवला आणि मग तुला आणायला गेला. एके दिवशी तू चिखलात बसून म्हणालीस, "ह्यो मला भोपळा बांधून पवू द्यायचा न्हाई. सोड तो भोपळा."

"बुडशील."

"बुडंन. तू हायस न्हवं?"

अक्का, तू हे सहज म्हणालीस, दोरीची गाठ सोडता सोडता. मी तुझ्या शेजारी पाण्यात उतरले. दोनदा तू खाली गेलीस, दोनदा मी वेणी धरून वर काढली. तिसऱ्यांदा तू वरच राहिलीस. बुक्क्या काठावर भोपळा तोंडात धरून बसला होता आणि तुझ्याकडं ढुंकूनही बघत नव्हता.

त्यानंतर खरा खेळ सुरू झाला. मी काठावरून भोपळा त्या मधल्या पांढऱ्या दगडाकडं फेकायचा आणि तुम्ही दोघांनी सुटायचं. तू आणि बुक्क्या. कुत्र्याचं डोकं पुढं, तुझं डोकं मागं, तुझ्या शिव्या पाण्यावरून इकडं यायच्या. तू त्याची शेपूट धरून मागं ओढायचीस. मी ओरडायचे, "लबाडी! लबाडी!" तू पोचलीस तर भोपळा डोक्यावर धरून ओरडायचीस. तो पोचला तर तू त्याच्या कानात काहीतरी सांगायचीस आणि दोघं बरोबर परत यायचात. गोधड्या त्या वर्षी फार चांगल्या धुतल्या गेल्या नाहीत. घरी सासूबाई असत्या तर बोलल्या असत्या.

आता आपलं भांडण. ते तू अर्धवट टाकून गेलीस. तू म्हणायचीस, तुला पोहायला बुक्क्यानं शिकवलं. मी म्हणायचे, मी शिकवलं. त्याला फक्त भोपळा हवा होता.

"त्यो नसता तर मी जलमभर भोपळ्यालाच लोंबत ऱ्हायले आस्ते."

"आणि मी नसते तर?"

"तर बुडाले आस्ते. ते येगळं. ते शिकवनं न्हवं, ते राखन."

मी चिडायचे. आज इथं बसून तुझं म्हणणं पुन्हा पडताळून पाहिलं. तरी मला ते मान्य नाही. हनुवटी मी धरली होती. हे नोंदवून ठेवते. तू उलट उत्तर द्यायला नाहीस म्हणून मी जिंकले असं मात्र समजत नाही.

आणि ती दुसरी गोष्ट. आबांना सांगायचं की नाही. तू म्हणायचीस, "सांगीन. मीच सांगीन एकदा. न्हाईतर त्यास्नी इथं आनून दावीनच." आणि लगेच स्वतःच हसायचीस, कारण बायकांच्या धुण्याच्या जागी आबा येतील हे तुलाही खरं वाटत नव्हतं. लाज होती असं मला वाटत नाही. तुला त्यांचं तोंड बघायचं होतं. चांगला दिवस शोधत होतीस तू. मग फाल्गुन गेला, चैत्रात तुला ताप आला, आणि सांगण्यासारखे दिवस राहिले नाहीत.

तेराव्याला पंगत उठल्यावर आबा पाहुण्यांशी बोलत होते. मी आत पुऱ्या मोजून टोपलीत भरत होते. त्यांचा आवाज आला, "लई शांत व्हती बाई. येवढी वरसं काढली, पन कवा मोठ्यानं हसली न्हाई." पाहुणे माना हलवत असतील. अक्का, मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. शेजारच्या बाईला वाटलं, मला रडू आवरत नाही. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

त्या वेळी हसू आलं, पण ते वाक्य डोक्यातून काही जात नाही. इतकी वर्षं एका चुलीवरचं खाल्लं आणि माणसाला अर्धीच बायको माहीत. उरलेली अर्धी उद्या भिवाच्या मेंढ्यांमागनं पारनेरला जाणार. मी गप्प बसले तर तुझा 'मीच सांगीन' हा शब्द राहतो. सांगितलं तर कुत्रं राहतं, कदाचित. दोन्ही राहायचं नाही. आणि सांगू तरी कशी? माझा निरप्या तर दावणीला बांधलेला.

गोधड्या वाळल्या. शेळ्या आल्याच शेवटी, एक कोपरा चघळला. घरी जाते.

१९ मे, शनिवार.

सकाळी उठले, माळ्यावर चढले आणि भोपळा खाली काढला. बुक्क्याचं दावं सोडलं. आबा ओट्यावर मिशरी लावत बसले होते. मी डोक्यावर पदर घेतला, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "आबा, तळ्यावर चला."

त्यांनी आधी मागं वळून पाहिलं, दुसरं कोण बोललं म्हणून. मग कुत्र्याला म्हणाले, "बुक्क्या, तिला म्हनावं, कशापायी?"

"त्याला नका सांगू. मला सांगा. अक्कांचं काम आहे."

त्यांनी चूळ भरली आणि उठले. वाटेत मी पुढं, ते मागं. मी पाठमोरी राहूनच सगळं सांगितलं. गोधडी, झुडूप, चाची, वेणी. तळ्याशी आल्यावर आबा थांबले, बायकांच्या दगडांच्या अलीकडंच. एवढ्या सकाळी तिथं कुणी नव्हतं. मी भोपळा त्यांच्या हातात दिला. बुक्क्या त्यांच्या पायाशी असा थरथरत होता की त्याच्या अंगाला हात लागला तर उडेल.

आबांनी फेकला. तुझ्याहून वाईट नेम. भोपळा चिखलात पडला, बुक्क्यानं आणून दिला. त्यांनी पायताणं काढली, धोतर वर खोचलं आणि पुन्हा फेकला.

"कुटवर जायची?"

मी पांढरा दगड दाखवला. ते दोन पावलं पाण्यात गेले.

"आन् आदी कोन पोचायचं?"

"निम्म्या वेळा त्या."

"निम्म्याच?"

"कुत्र्याला चार पाय असतात, आबा. शिवाय त्या शेपूट धरायच्या."

ते हसले. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळे पुसून पुन्हा. "शेपूट धरायची," म्हणाले. "ती!" बुक्क्या त्यांच्यावर पाणी उडवत होता आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती.

त्यांना तिथंच ठेवून मी भिवाच्या तळावर गेले. घोड्यांवर बिऱ्हाड लादून झालं होतं, मेंढ्या उठल्या होत्या. मी म्हटलं, कुत्रं यायचं नाही.

"का वं वयनी? परवा तर आबा व्हय म्हनलं."

"परवा म्हणाले. आज त्यांना त्याचं काम आहे."

"कसलं काम?"

"तळ्यावरचं," मी म्हणाले आणि त्याच्या बायकोच्या हातात वाटेसाठी भाकरी दिल्या.